लालवर दोन हात

आमच्या घरात काहीही शिजलं तरी त्याला तारपिनाचा वास यायचा. अम्मी म्हणायची, वरणात हिंग मी घालते आणि तारपीन तुझे अब्बा घालतात. पत्र्याच्या दोन खोल्या आणि पुढे एक पडवी, एवढंच घर. पडवीच्या एका टोकाला चूल, दुसऱ्या टोकाला अब्बांचे रंगाचे डबे, आणि मधल्या जागेत मी, माझी पुस्तकं आणि वाळत ठेवलेले बोर्ड. अंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर खाताना समोर कुठल्या तरी कृषी केंद्राचा अर्धा लिहिलेला पत्रा उभा असायचा आणि आम्ही तो वाचत वाचत जेवायचो. एकदा अब्बांनी बोलण्याच्या नादात ब्रश रॉकेलच्या डबड्याऐवजी मामूंच्या, म्हणजे अम्मीच्या भावाच्या, चहात बुडवला, आणि मामूंनीही बोलण्याच्या नादात तो चहा पिऊन टाकला. दोघांनाही पत्ता नव्हता. अम्मीने पाहिलं होतं, पण ती म्हणाली, मामूंनी जन्मात पहिल्यांदा माझ्या चहाला नाव ठेवलं नाही, मी कायले सांगू?

अब्बांचं नाव करीम, पण गावात त्यांना सगळे 'पेंटर' म्हणायचे. दवाखान्याचा बोर्ड, बियाण्यांची दुकानं, शाळेच्या भिंतीवरचे सुविचार, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागचं 'आईचा आशीर्वाद', सगळं त्यांच्या हातचं. तिकडे बाभुळगाव, इकडे बोरी अरब, एवढ्या मुलखात कुठेही बसने गेलो की खिडकीतून ते बोर्ड वाचायचे नाहीत, फक्त खालचा उजवा कोपरा पाहायचे. तिथे त्यांची सही असायची, बारीक निळ्या अक्षरांत, 'करीम'. लहानपणी मी विचारलं होतं, दुकान दुसऱ्याचं, पत्रा दुसऱ्याचा, मग सही तुमची काहून? तेव्हा ते म्हणाले, “जिम्मा घ्याले कोनी पायजे न बेटा. अक्षर वाकडं निंगालं तं लोकाईनं कोनाच्या घरी जावं?” मला उर्दू शाळेतून काढून मराठी शाळेत घातलं तेही त्यांनीच. ज्या भाषेत बोर्ड लागते त्या भाषेत शिक, असा त्यांचा साधा हिशेब. आज मी त्याच भाषेत शाळेत शिकवते आणि त्याच भाषेत हे लिहिते आहे.

अक्षर लिहिण्याआधी रेघ मारायची. त्यासाठी सुतळी कपड्याच्या निळीत भिजवायची, दोघांनी दोन टोकं धरून पत्र्यावर ताणायची आणि मधोमध चिमटीत उचलून सोडायची. टण्ण आवाज व्हायचा आणि सरळ निळी रेघ उमटायची. दुसरं टोक धरायला मी हात पोचायला लागल्यापासून होते. अब्बा अक्षरांच्या कडा काढायचे आणि पोट मी भरायचे. रंगाच्या एका थराला आमच्या धंद्यात 'एक हात' म्हणतात. जुन्या बोर्डावर नवं लिहायचं तर आधी पांढऱ्याचा हात द्यावा लागतो. काळ्यावर एक हात पुरतो, निळ्यावरही भागून जातं, लालवर मात्र दोन. हा अब्बांचा कायदा होता. “लाल मोठा हरामी रंग हाय,” ते म्हणायचे. “मरत नाई. एका हातात झाकला तं उन्हाळ्यात वर येते अन् पेंटरची इज्जत खाते.” पहिला हात सुकला की ते पत्र्यावर अंगठा दाबून ओढायचे, रंग किती जाड बसला ते त्यांना त्यावरून कळायचं, आणि मगच दुसरा द्यायला सांगायचे.

गावाचं नाव मी लिहीत नाही. लिहिलं तर दोन्हीकडचे साहेब विचारायला येतील. नाही लिहिलं तरी येतातच, तो भाग वेगळा. यवतमाळहून पाऊण तासावरचं तालुक्याचं गाव, वाढत वाढत वावरांत शिरलेलं, आणि त्याच्या अगदी कडेला ढोरबाजाराचं मैदान. आधी आम्ही नाल्याकाठी राहायचो. एका पावसाळ्यात नाला घरात आला, तेव्हा नगरपालिकेने आम्हा पंधरा-वीस घरांना उचलून या मैदानाच्या एका बाजूला आणून बसवलं आणि घरटी एकेक शिक्का मारलेला कागद दिला. अम्मीने आमचा कागद शेवयांच्या डब्यात ठेवला. शेवया ईदशिवाय निघत नाहीत, म्हणजे कागद सुरक्षित. आमच्या डाव्या हाताला शेवंताकाकू राहायची, दोन म्हशी आणि एक खोकला घेऊन. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गावातली एकही बातमी तिच्याआधी दुसऱ्या कुणाला कळल्याचं माझ्या ऐकिवात नाही. बाजाराच्या दिवशी पहाटेपासून बैलांच्या घागरमाळा वाजायच्या, दलाल रुमालाखाली बोटं धरून भाव करायचे, आणि दुपारी सगळीकडे शेणाचा आणि तर्रीचा वास. मला वाटायचं, जगात याहून पक्की जागा नसेल.

त्या वर्षी होळीच्या आधी पालिकेतले गावंडे बाबू सायकलवरून आले. बाबू म्हणजे भला माणूस, पण प्रत्येक वाक्यानंतर मागे वळून पाहायची सवय. म्हणाले, “पेंटर, मैदानावर एक बोर्ड लावाचा हाय. मोठा. हायवेवाले मोजणी करून राह्यले म्हन्ते. आपली जागा आपली म्हनून दिसली पायजे.” अब्बांनी विचारलं, ऑर्डर? “ऑर्डर मागून निंगन. तुमी लिहा. तुमचंच घर हाय न तिथं.” हे शेवटचं अब्बांना पटलं, मलाही पटलं. कोऱ्या पत्र्यावर आम्ही दोन दिवस खपून लिहिलं: 'ही जागा नगरपालिकेच्या मालकीची आहे. आठवडी बाजार व घरकुलांसाठी राखीव.' पहिली ओळ काळी, दुसरी लाल. लाल ओळीचं पोट सगळं मी भरलं. 'घरकुलांसाठी' या शब्दावर मी इतका वेळ घेतला की अब्बा म्हणाले, नसीम, शब्द लिहून राह्यली का घर बांधून राह्यली? कोपऱ्यात त्यांनी सही केली आणि बोर्ड आमच्या दारासमोर, पन्नास पावलांवर रोवला गेला. त्यानंतर कितीतरी दिवस मी सकाळी उठले की आधी त्या बोर्डाकडे पाहायचे. राखणीला कोणी बसवल्यासारखं वाटायचं.

बोर्ड लागून महिनासुद्धा झाला नसेल, तेव्हा पिवळी जीप आली. तीन पायांचं यंत्र, निशाणं, आणि तिवारीजी. हे हायवेवाल्यांचे सर्व्हेतले मोठे माणूस, दुरून कुठून तरी आलेले, डोक्यावर गोल टोपी आणि तोंडात सतत बडीशेप. गावाबाहेरून जाणारा मोठा रस्ता या मैदानावरून जाणार, आणि जमीन दिल्लीने घेतली आहे, एवढं त्यांनी सगळ्यांना सारख्याच शांतपणे सांगितलं. पालिकेची जागा दिल्लीने कशी घेतली, पालिकेला विचारून की न विचारता, आणि पालिकेची नव्हतीच तर पालिकेने आम्हाला कशी दिली, हे मी अब्बांना विचारलं. अब्बा म्हणाले, तू अकरावीले हायेस, मी चौथी नापास, तूच सांग. मी शाळेतलं जुनं नागरिकशास्त्राचं पुस्तक काढून पाहिलं. त्यात सरकारचे तीन स्तर दिले होते, खाली गोल, मधे गोल, वर गोल. तिन्ही गोल एकाच मैदानावर आले तर काय होतं, ते पुस्तकात नव्हतं.

मग बुलडोझरने मैदान सपाट केलं. त्यात गावंडे बाबूंचा बोर्ड मुळासकट निघाला. मी पडवीतून पाहिलं. तासाभराने तिवारीजींचा माणूस तोच पत्रा ट्रॅक्टरवर घालून आमच्याच दारात घेऊन आला, कारण गावात दुसरा पेंटर नव्हता. मागून तिवारीजी आले. “पत्रा अच्छा है,” म्हणाले, “इसी पे लिख दो. मराठी में. भारत सरकार के कब्जे में है, अंदर आना मना है.” अब्बांनी पत्रा उलटा करून पाहिला. मागची बाजू पार गंजलेली होती, म्हणजे लिहायचं तर पुढच्याच बाजूवर, स्वतःच्याच अक्षरांवर. त्यांनी पुढच्या बाजूवरची धूळ बाहीने पुसली. मग म्हणाले, “परसो मिल जाएगा.”

तिवारीजींची जीप वळायच्या आत अम्मीने पळी खाली ठेवली. “नसीमचे अब्बा, तुमचं डोस्कं ठिकान्यावर हाय का? आपल्याच घराच्या छातीवर बोर्ड ठोकता?”

“मी नाई लिहिला तं यवतमाळहून लिहून आनतीन. तिथं आता मशीनवर छापते, कापडासारखं. ते तं एका दिवसात देतीन.”

“देऊ द्या न! पन तुमच्या हातानं काहून?”

“माह्या हातानं लिहिला तं घर जाईन, अन् मशीननं छापला तं राहीन, असं हाय का काही?”

अम्मीने पळी उचलली आणि ती चुलीकडे वळली. मला दोघांचंही खरं वाटत होतं, आणि दोघांचाही राग येत होता. त्या दुपारी भाकरी करपली, ती आम्ही तशीच खाल्ली.

दुसऱ्या दिवशी अब्बांना बाभुळगावला एका दुकानाचं शटर रंगवायला जायचं होतं. जाताना सायकलवर टांग टाकून म्हणाले, “नसीम, पत्र्याले पांढऱ्याचे दोन हात देऊन ठेव. लाल हाय, ध्यानात ठेव.” आता इथे मला खरं सांगितलं पाहिजे, आणि अडचण अशी की खरं काय ते मलाच पक्कं ठाऊक नाही. पहिला हात मी दिला. नीट दिला. ऊन तापलं होतं, पत्रा हाताला चटके देत होता, माझा तोंडी पेपर दोन दिवसांवर आला होता. हात सुकल्यावर पाहिलं, तर काळी ओळ पुरती गेली होती आणि लाल ओळ, अगदी जवळून पाहिलं तर, झिरझिरीत ओढणीखालून दिसावी तशी अंधुक गुलाबी दिसत होती. 'घरकुलांसाठी.' डबा अर्धा भरलेला होता, ब्रश ओला होता. मी ब्रश रॉकेलमध्ये ठेवून दिला आणि अभ्यासाला बसले. ते आळसाने केलं, उन्हाने केलं, की त्या शब्दासाठी केलं? त्या वेळी कुणी विचारलं असतं तर मी उन्हाचं नाव घेतलं असतं. आता वाटतं, तिन्ही होतं. कधी वाटतं, नुसतंच ऊन होतं आणि बाकीचं मी मागाहून जोडलं.

अब्बा दिवेलागणीला आले. मी आत चुलीपाशी होते. ते पत्र्यापाशी जाऊन उकिडवे बसलेले मला दिसले. विचारतील म्हणून मी उत्तर तयार ठेवलं होतं, पण त्यांनी काही विचारलं नाही. सकाळी आम्ही सुतळी ताणली, निळी रेघ मारली, आणि 'ही जमीन भारत सरकारच्या ताब्यात आहे' असं लिहिलं. कडा त्यांनी काढल्या, पोट मी भरलं. तेच चार हात, तीच सुतळी, तेच मैदान. महिन्याभरापूर्वी मी ज्या हाताने घर बांधलं होतं त्याच हाताने ते पाडत होते, आणि खोटं का सांगू, 'सरकार' मधला 'र' फार सुंदर जमला म्हणून मला आनंदही होत होता. अब्बांनी कोपऱ्यात सही केली. जुन्या बोर्डाची जागा तीच, खड्डाही तोच.

पुढे पंधरा दिवसांत घरं खाली करा म्हणून नोटिसा आल्या. मग पालिकेचं पत्र आलं की कुणीही घर खाली करू नये. मग हायवेवाल्यांचं आलं की पालिकेच्या पत्राला अर्थ नाही. शेवंताकाकू प्रत्येक कागद माझ्याकडून वाचून घ्यायची आणि शेवटी एकच प्रश्न विचारायची, “मंग म्हशी बांधू का सोडू?” मी दर वेळी वेगळं सांगायचे. सगळं भांडण अखेर एका गोष्टीवर येऊन अडलं. हायवेवाले म्हणत होते, आम्ही ताबा घेऊन बोर्ड लावला तेव्हा मैदान मोकळं होतं, पालिकेचं तिथे काही नव्हतं, ही घरं नंतर घुसली, म्हणून काढा. पालिका म्हणत होती, ही माणसं आम्ही आधीच बसवली, तसा बोर्डही लावला होता. पण तो बोर्ड गावंडे बाबूंना दाखवता येईना, आमच्यासारख्यांच्या तोंडी सांगण्याला फाइलमध्ये जागा नव्हती, आणि ऑर्डर मागून निघणार होती ती कधी निघालीच नव्हती. आमचे कागद काढले, तर शिक्का होता, सही होती, तारखेची जागा कोरी होती. अम्मी तो कागद पुन्हा पुन्हा उलटून पाहायची, मागच्या बाजूला तारीख असेल म्हणून. मागे फक्त शेवयांचा भुगा चिकटलेला होता.

वैशाखात एका सकाळी शेवंताकाकू धावत पडवीत आली. “नसीम वं, चाल लवकर. बोर्डाले गोवर आला.”

मी जाऊन पाहिलं. पांढऱ्या पत्र्यावर, 'भारत सरकारच्या ताब्यात' या काळ्या अक्षरांच्या आतून-मधून लाल ठिपके उठले होते. दोन दिवसांनी ठिपक्यांच्या रेघा झाल्या. तिसऱ्या दिवशी शाळेतली पोरंसुद्धा थांबून वाचायला लागली. मी पोरांना हाकलून लावलं. त्याने घर वाचेल, हे माझ्या मनातही नव्हतं. लालवर एकच हात दिला हे आता अख्ख्या गावाला दिसतंय, एवढंच माझ्या डोक्यात होतं. अब्बा सायकलवरून बोर्डाच्या पुढून रोज जायचे आणि मान वळवायचे नाहीत.

प्रांत मॅडम, म्हणजे उपविभागाच्या नव्या अधिकारी, पाहणीला आल्या तो बाजाराचा दिवस होता. तोंडाला दुपट्टा गुंडाळलेल्या, हातात फाइल. एका बाजूला गावंडे बाबू मागे वळून पाहत उभे, दुसऱ्या बाजूला तिवारीजी बडीशेप चघळत, आणि भोवती बैल, दलाल, दुकानदार, आम्ही सगळे. मॅडमनी बोर्डावरच्या एका लाल रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, हा बोर्ड कोणी रंगवला? अब्बा पुढे झाले. “खाली काय आहे?” त्यांनी विचारलं. अब्बांनी मला घरातून तारपीन आणि चिंधी आणायला सांगितलं. मी आणली. त्यांनी चिंधी भिजवली आणि हळूहळू, जेवणाचं ताट पुसावं तसं, स्वतःचं काम पुसायला लागले. पांढरा निघत गेला. आधी 'राखीव' आलं, मग 'घरकुलांसाठी'. शेवटी कोपरा पुसला, तर एका सहीखाली दुसरी सही निघाली. दोन्ही 'करीम'.

“दोन्ही सह्या तुमच्याच?”

“जी.”

“आधीचा बोर्ड कोणता?”

“खालचा आधीचा, मॅडम. वरचा मंगचा. रंगात खोटं नाई बोलता येत.”

माणसं हसली. मॅडमनी फाइलमध्ये काही लिहिलं. हायवेवाल्यांनी बोर्ड लावल्याचा दिवस तर त्यांच्याच कागदांत फोटोसकट होता, त्यामुळे पालिकेचा बोर्ड त्याच्या आधीचा, हे सांगायला आता कोणी लागत नव्हतं. गावंडे बाबूंनी त्या दिवशी पहिल्यांदा मागे न पाहता वाक्य पूर्ण केलं. पण तिवारीजींचा चेहरा लाल झाला होता. “मॅडम, ये जानबूझकर किया है. सरकारी बोर्ड के साथ छेड़छाड़. इस पर केस बनता है.”

मॅडमनी अब्बांकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, “पेंटर, हे मुद्दाम केलं, की काम कच्चं झालं?”

अब्बांनी आयुष्यात कच्चं काम केलं नव्हतं. समोर उभे असलेले निम्मे दुकानदार त्यांच्या बोर्डांखाली दुकानं उघडत होते. पेंटरचा रंग म्हणजे दगडावरची रेघ, असं गावात लोक म्हणायचे. मी पुढे झाले. मला ओरडून सांगायचं होतं की त्यांनी दोन हात सांगितले होते, एक मीच खाल्ला, केस करायची तर माझ्यावर करा. तोंड उघडलंसुद्धा. तेवढ्यात अब्बा माझ्याकडे न पाहता म्हणाले, “नसीम, मॅडमले प्याले पानी आन.” आवाज असा होता की माझे पाय आपोआप घराकडे वळले. पाठीमागून मला त्यांचं उत्तर ऐकू आलं.

“काम कच्चं झालं, मॅडम. हात कमी पडला.”

पाणी घेऊन येईपर्यंत माणसं पांगायला लागली होती. शेवंताकाकू अब्बांकडे पाहून पदराने डोळे पुसत होती, आणि बियाण्यांचा एक दुकानदार दुसऱ्याला हळूच म्हणत होता, “पेंटरले म्हातारपन आलं बाप्पा.”

घर वाचलं. केस झाली नाही. पुढे रस्ता मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यातून गेला, ढोरबाजार उठला, आणि आमची घरं गाव आणि रस्ता यांच्या मधल्या पट्टीत राहिली. त्या पट्टीचं नक्की काय, हे आजवर ठरलेलं नाही. दर वर्षी पालिका आमच्याकडून घरपट्टी घेते आणि दर वर्षी हायवेवाल्यांचं पत्र येतं की पंधरा दिवसांत जागा खाली करावी. दोन्ही कागद मी शेवयांच्या डब्यात ठेवते. हे लिहिताना पडवीशेजारच्या उंच भरावावरून ट्रक जातायत आणि टेबलावरचा चहा थरथरतोय. मी मुलांना शाळेत सरकारचे तीन गोल शिकवते. कुणी अवघड प्रश्न विचारला, तर वेळ संपली म्हणते.

अब्बांचं काम मात्र वाचलं नाही. कुणी तोंडावर बोललं नाही, पण नवं दुकान निघालं की माणूस यवतमाळला जाऊन छापील कापड आणायचा. थट्टेत एखादा म्हणायचा, “करीमभाई, रंग पक्का न? का उन्हाळ्यात गोवर येते?” अब्बाही हसायचे. शाळेचे सुविचार आणि कधी एखादी ट्रॉली, एवढंच उरलं. आणि एक गोष्ट मी फार उशिरा पाहिली. बोरी अरबला बसने जाताना एक त्यानंतरचा बोर्ड दिसला, अक्षरं तीच, डौल तोच, खालचा उजवा कोपरा कोरा. मग मी शोधायलाच लागले. त्या मैदानानंतरच्या एकाही बोर्डावर सही नव्हती. मी बसमध्ये रडले. शेजारच्या बाईने विचारलं, कोणी गेलं का? घर मी वाचवलं असं म्हणावं, तर अब्बांचं नाव मी बुडवलं असंही म्हणावं लागतं. यातलं कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, ते पुसून दाखवायला माझ्याजवळ तारपीन नाही.

ते जाण्याच्या आदल्या वर्षी, ईदच्या आधी, मी पडवीची भिंत रंगवत होते. अब्बा बाजेवर पडून पाहत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, पण ब्रशचा आवाज ऐकून काम कसं चाललंय ते त्यांना कळायचं. “दुसरा हात देशीन न?” त्यांनी विचारलं. आणि मला राहवलं नाही. इतक्या वर्षांत जे बोलले नव्हते ते बोलून टाकलं. “अब्बा, त्या पत्र्याले मी एकच हात देलता.”

“मालूम हाय.”

“कवापासून?”

“त्याच दिवशी. बाभुळगावहून आलो अन् अंगठा लावून पाह्यला.”

माझ्या हातातल्या ब्रशचा रंग जमिनीवर गळत होता. “मंग तुमी काय केलं?”

“मंग काय,” अब्बा म्हणाले, “सही केली.”